कोळ्यांच्या बेटावरील अष्टमी

जैन गृहस्थाच्या घरी प्रवासाची तयारी डब्यापासून सुरू होते. हाँगकाँगच्या चिम शा चुई भागात राहणाऱ्या एका कुटुंबातही त्या दिवशी पहाटे साडेपाचलाच स्वयंपाकघरात दिवा लागला होता. सूनबाई दशम्या लाटत होत्या. सांगलीहून महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई पाणी उकळून, गाळून बाटल्यांत भरत होत्या. मुलाला कार्यालयाची सुट्टी होती. चिनी पंचांगातील चौथ्या महिन्याची अष्टमी हा भगवान बुद्धांचा जन्मदिवस मानला जातो आणि त्या दिवशी हाँगकाँगमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. चिनी महिना अमावास्येपासून मोजला जात असल्याने ही तिथी आपल्या शुद्ध अष्टमीच्या जवळपास येते, बहुधा वैशाखातल्या. त्या वर्षी दोन्ही अष्टम्या एकाच दिवशी आल्या होत्या आणि आजींचे एकाशन होते.

जायचे होते च्युंग चाऊ या बेटावर. नातवाच्या शाळेतील मित्रांनी तेथील पावांच्या मनोऱ्यांचे इतके वर्णन केले होते की, तो आठवडाभर दुसरे काही बोलतच नव्हता. आजींच्या मनात मात्र शंका होती. ते बेट कोळ्यांचे. तेथे मासळीचा बाजार, मासळीची भोजनगृहे. अष्टमीच्या दिवशी अशा ठिकाणी कशाला जायचे, असे त्यांनी दोनदा विचारले. तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी मी तुला तिथे नेले नसते. आज मात्र मुद्दाम नेतो आहे.” याहून अधिक त्याने काही सांगितले नाही.

सेंट्रल भागातील पाच क्रमांकाच्या धक्क्यावरून च्युंग चाऊची बोट सुटते. जलद बोट पाऊण तासाच्या आत पोहोचते, साध्या बोटीला तासभर लागतो. आजींना वाऱ्यात बसायचे होते, म्हणून साधी बोट निवडली. उंच इमारतींची रांग मागे पडत गेली, मालवाहू जहाजे लागली, आणि मग हिरव्या टेकड्यांचे एक लहानसे बेट समोर आले. ‘च्युंग चाऊ’ या नावाचा अर्थच ‘लांब बेट’ असा आहे. दोन्ही टोकांना टेकड्या आणि मध्ये जमिनीची अरुंद पट्टी, अशी त्याची डंबेलसारखी रचना आहे. क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस किलोमीटर. येथे मोटारी नाहीत. अग्निशमन, रुग्णसेवा आणि सामान वाहून नेणे यांसाठी छोटी वाहने आहेत, बाकी सर्व व्यवहार पायी किंवा सायकलवर चालतो.

बोटीतून उतरल्यावर आजींनी सवयीने पदर नाकाशी नेला. पण मासळीच्या वासाऐवजी धूप आणि वाफवलेल्या पिठाचा वास आला. किनाऱ्याच्या रस्त्यावर भोजनगृहांची रांग होती. त्यांतील एका भोजनगृहाबाहेर जिवंत मासे ठेवण्याच्या काचेच्या मोठ्या टाक्या होत्या. त्या रिकाम्या होत्या. पाणी काढून त्या पुसून उलट्या ठेवल्या होत्या आणि दारावर चिनी अक्षरांचा कागद चिकटवलेला होता. मुलाने तो वाचून दाखवला. उत्सवाच्या दिवसांत येथे केवळ शाकाहारी पदार्थ मिळतील, असे त्यावर लिहिले होते.

हेच त्याला आईला दाखवायचे होते.

या उत्सवाचे मूळ नाव ‘ताय पिंग चिंग च्यू’, म्हणजे महाशांतीसाठीचे शुद्धिकरण. परदेशी लोक त्याला पावांचा उत्सव म्हणतात. बेटावरील आख्यायिका अशी : सुमारे दोन शतकांपूर्वी येथे रोगाची भयंकर साथ आली. चिनी मुख्य भूमीवरून येऊन स्थायिक झालेल्या कोळ्यांनी आपले दैवत पाक ताय यांची मूर्ती गल्लीगल्लीतून मिरवली, आणि साथ ओसरली. साथ का आली याविषयी लोकसमजूत अशी की, या परिसरात समुद्री चाच्यांचा सुळसुळाट होता, त्यांनी मारलेल्या माणसांचे अतृप्त आत्मे बेटावर भटकत होते. चँग पो चाय हा सुप्रसिद्ध चाचा 1810 मध्ये चिनी राजसत्तेला शरण गेला. त्याने लूट लपवली असे सांगितली जाणारी गुहा आजही बेटाच्या टोकाला दाखवतात. त्या आत्म्यांना अन्न द्यावे, त्यांची क्षमा मागावी आणि त्यांच्या शांतीसाठी गावाने स्वतःला शुद्ध करावे, हा उत्सवाचा गाभा. शुद्धीचा पहिला नियम म्हणजे मुख्य तीन दिवस मांस आणि मासे वर्ज्य. पूर्वी उत्सवाची तिथीही देवापुढे कौल लावून ठरवीत. आता ती बुद्धजन्माच्या तिथीला जोडून निश्चित केलेली आहे. 2011 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या उत्सवाचा समावेश झाला.

बेटाच्या उत्तर भागात पाक ताय यांचे मंदिर आहे, 1783 मध्ये बांधलेले. पाक ताय हे उत्तर दिशेचे आणि समुद्राचे अधिपती मानले जातात. त्यांच्या पायाशी कासव आणि सर्प असतात. मंदिरासमोरच्या मैदानात बांबूंचे तीन उंच मनोरे उभे होते, सुमारे साठ फुटांचे. तळापासून शिखरापर्यंत ते पांढऱ्या पावांनी मढवलेले होते, हजारो पावांनी. प्रत्येक पावावर लाल रंगाचा ठसा : ‘पिंग ऑन’, म्हणजे शांती व कुशल. बाजूला कागदाच्या तीन भव्य मूर्ती होत्या : पर्वताचा देव, भूमीचा देव आणि भूतांचा राजा ताय सी वाँग. बौद्ध परंपरा या शेवटच्या मूर्तीला करुणेच्या बोधिसत्त्वाचेच उग्र रूप मानते. अखेरच्या रात्री ती मूर्ती अग्नीला अर्पण केली जाते. जवळच बांबूच्या मांडवात कँटोनी संगीतनाट्य चालू होते.

आजी मंदिराच्या पायऱ्यांपाशी थांबल्या. आत गेल्या नाहीत. प्रेतात्म्यांना अन्न पोहोचते, देव साथ घालवतो, या गोष्टी त्यांच्या श्रद्धेत बसणाऱ्या नव्हत्या. जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो, त्यात दुसऱ्याने दिलेला घास कसा पोहोचणार? त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि एका झाडाच्या सावलीत बसल्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक चिनी वृद्धा बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वृद्धेने आपल्या हातातील पंखा त्यांच्याकडे वळवून वारा घातला. आजींनी हात जोडले.

दुपारी जेवणाची वेळ झाली. एकाशन असल्याने आजींनी एका जागी बसून एकदाच जेवण घेतले : दशम्या, कोरडे पिठले, शेंगदाण्याची चटणी. अष्टमी म्हणून हिरवी भाजी नव्हती. मुलगा आणि सून यांनी मात्र आसपास काय मिळते याची चौकशी केली. चिनी शाकाहाराविषयी आपल्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. तेथील बौद्ध परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. त्यांत लसूण आणि कांद्याचे प्रकार येतात, हिंगही येतो. कांदा-लसणाचा हा निषेध आपल्याला फार जवळचा वाटतो. पुष्कळ चिनी भाविक प्रत्येक चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार करतात, जशी आपल्याकडे अष्टमी-चतुर्दशी. परंतु साम्य येथे संपते. कंदमुळे त्यांना चालतात आणि अळंबी तर त्यांच्या शाकाहाराचा प्राणच आहे. धक्क्याजवळच्या मॅकडोनाल्ड्समध्येही या दिवसांत मांसाऐवजी अळंबीचा बर्गर मिळतो, याचे सर्वांना कौतुक वाटते. आपल्या आचारात मात्र अळंबी अभक्ष्य. म्हणून ‘शाकाहारी’ अशी पाटी पाहून जैन प्रवाशाने निश्चिंत होऊ नये. विचारावे, आणि डबा जवळ ठेवावा.

नातवाला हवा होता तो लाल ठशाचा पाव. त्यात कमळबियांचे, तिळाचे किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड सारण असते. मुलाने दुकानदाराला कँटोनीत विचारले, सारणात डुकराची चरबी आहे का? दुकानदार जवळजवळ दुखावला. या दिवसांत चरबी कशी असेल, वनस्पती तेलच आहे, असे तो म्हणाला. आजींनी खमिराच्या पिठाला स्वतः कधी हात लावला नव्हता. पण नातवाचे व्रत नव्हते. त्याने कमळबियांचा पाव घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा आईला दिला.

त्यानंतर मिरवणूक सुरू झाली. ढोल, झांजा, सिंहनृत्ये, रंगीत ध्वज, आणि त्यामागून गर्दीच्या डोक्यांवरून तरंगत येणारी लहान मुले. याला ‘पिउ सिक’ म्हणतात. पाच-सहा वर्षांचे मूल राजकन्येच्या किंवा योद्ध्याच्या वेषात कुणाच्या तलवारीच्या टोकावर अलगद उभे असल्याचा भास होतो. खरे तर वेषाच्या आत वाकवलेल्या लोखंडी सळईची चौकट असते, मूल तिच्यावर बसवून नीट बांधलेले असते. पुराणातील पात्रांबरोबर चालू काळातील राजकारणी आणि प्रसिद्ध व्यक्तींचीही सोंगे असतात. लोक ओळखतात आणि हसतात. 2020 पासून तीन वर्षे महासाथीमुळे ही मिरवणूक निघाली नव्हती. साथ घालवण्यासाठी सुरू झालेला सोहळा साथीमुळेच थांबावा, हे बेटावरील वृद्धांना फार लागले होते. 2023 मध्ये ती पुन्हा निघाली.

मिरवणूक पुढे गेल्यावर कुटुंब परत किनाऱ्याकडे आले. रिकाम्या टाक्यांच्या भोजनगृहापाशी मालकीणबाई बाहेरच्या बाकावर बसून भाजी निवडत होत्या. आत पंधरा-वीस मेजांपैकी तीन-चारच भरलेली होती. समोरच्या रस्त्यावरून मात्र हजारो माणसे जात होती. मुलाला व्यापाऱ्याची नजर होती, त्याला राहवले नाही. त्याने विचारले, “वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आज आहे. आजच टाक्या रिकाम्या?”

बाईंनी मान वर केली. मुलगा वाक्यावाक्याला थांबून आईला मराठीत सांगत गेला. “माझ्या सासूबाईंच्या वेळी या दिवसांत होड्यासुद्धा बाहेर जात नसत. आता तसे राहिले नाही. कुणी पाळतात, कुणी नाही. बाहेरची माणसे येतात, मासे मागतात, नाही म्हटले की पुढे जातात.” बाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. “जातात तर जातात.”

आजींनी ते शेवटचे वाक्य पुन्हा विचारून घेतले.

परतीच्या बोटीत ऊन उतरले होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे म्हणून कुणीही मध्यरात्रीच्या स्पर्धेसाठी थांबण्याचा विषय काढला नाही; नातू तेवढा खट्टू होता. त्या स्पर्धेत निवडलेले बारा स्पर्धक चौदा मीटर उंच मनोऱ्यावर चढून तीन मिनिटांत जितके पाव पिशवीत भरता येतील तितके भरतात. वरच्या थरातील पावाला नऊ गुण, मधल्या थराला तीन, खालच्या थराला एक. पूर्वी गावातील तरुणांचा जमावच मनोऱ्यांवर चढत असे. 1978 मध्ये मनोरा कोसळून अनेक लोक जखमी झाले आणि ही प्रथा बंद पडली. 2005 मध्ये पोलादी सांगाडा आणि सुरक्षेचे दोर यांसह ती पुन्हा सुरू झाली. स्पर्धेच्या मनोऱ्यावर आता प्लास्टिकचे पाव असतात. खऱ्या मनोऱ्यांवरील पाव नंतर लोकांना वाटले जातात.

नातवाने खिडकीबाहेर पाहत विचारले, “आजी, पण ते लोक नंतर पुन्हा मासे मारणारच ना? मग तीन दिवसांचा उपयोग काय?”

मुलानेही मान वळवली. हा प्रश्न त्याच्याही मनात होता.

आजी म्हणाल्या, “तुला मृगसेनाची गोष्ट सांगितली आहे का मी?”

ही कथा दिगंबर परंपरेच्या कथाकोशांत आहे आणि दक्षिण महाराष्ट्रातील घराघरांतून मुलांना सांगितली जाते. मृगसेन हा धीवर होता, म्हणजे कोळी. जाळे खांद्यावर टाकून नदीकडे जाताना त्याला एक मुनी भेटले. त्याने व्रत मागितले. मुनींनी त्याला मासेमारी सोड असे सांगितले नाही. ते म्हणाले, “आज तुझ्या जाळ्यात जो पहिला मासा येईल, तो सोडून दे.” मृगसेनाने पहिला मासा सोडला, आणि ओळखता यावा म्हणून त्याला चिंधीची खूण बांधली. दुसऱ्यांदा जाळे टाकले, तोच मासा आला. असे पाच वेळा झाले. पाचही वेळा त्याने तो सोडला. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी गेला, तेव्हा बायकोने दार लावून घेतले. बाहेर झोपला असता त्याला सर्पदंश झाला आणि तो मेला. पुढच्या जन्मी पाच वेळा त्याच्या प्राणांवर संकट आले आणि पाचही वेळा तो वाचला.

“एका माशाचे व्रत होते त्याचे,” आजी म्हणाल्या. “बाकीचे मासे मारायला मोकळा होता तो. पण तो एक सोडण्यासाठी त्याचा सगळा दिवस गेला. घरात चूल पेटली नाही. तरी त्याने सोडला.”

“म्हणजे ते लोक बरोबर करतात?” नातवाने विचारले.

“भुताखेतांचे मला पटत नाही, बाळा. पण तीन दिवसांत जेवढे जीव वाचले, तेवढ्याचे मी अनुमोदन करते. करणे, करवणे आणि केलेल्याला बरे म्हणणे, तिन्हींनी पाप लागते असे आपण म्हणतो ना? मग चांगल्या गोष्टीलाही तिन्ही दारे उघडी असली पाहिजेत.”

मुलगा गप्प होता. आजी बोलल्या नसत्या, तरी त्याला त्यांच्या मनातले कळले असते. दर वर्षी सप्टेंबरमध्ये हाँगकाँगला रत्ने व आभूषणांचे जगातील एक मोठे प्रदर्शन भरते. दशलक्षण पर्व भाद्रपदात, म्हणजे पुष्कळदा त्याच सुमारास. गेली तीन वर्षे त्याने दहा दिवसांपैकी एकही दिवस पाळला नव्हता. अनंत चतुर्दशीलाही नाही. दरवर्षी आईला फोनवर तो एकच उत्तर देई : “प्रदर्शन आहे, आई. वर्षाचा धंदा या चार दिवसांत होतो.” आणि आई म्हणे, “बरं.”

सांगलीच्या पेठेत त्यांचे कापडाचे दुकान होते. वडील असताना भाद्रपद शुद्ध पंचमीला आणि अनंत चतुर्दशीला दुकानाला कुलूप असे. गौरी-गणपतीचा ऐन हंगाम, खेड्यांतून बैलगाड्या आणि टेम्पो भरून आलेली माणसे, आणि दार बंद. मुलगा तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. एका वर्षी एक जुने गिऱ्हाईक दारावरून परत गेले, समोरच्या दुकानात शिरले आणि पुढे कायमचे तेथेच जाऊ लागले. धर्म पाळला म्हणून गिऱ्हाईक दुपटीने परत आले, अशी गोष्ट त्या घरात घडली नाही. वडिलांनी कधी तसे सांगितलेही नाही. गेलेले गिऱ्हाईक गेले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी कुलूप पुन्हा लागले.

बोट सेंट्रलच्या धक्क्याला लागली. उतरताना मुलाने आईचा हात धरला. फळीवरून पाय टाकता टाकता तो म्हणाला, “आई, यंदा चतुर्दशीला मी प्रदर्शनात जाणार नाही. भागीदाराला आजच सांगतो. त्याला आवडणार नाही. मोठा सौदा हातचा जाऊही शकतो.”

आजींनी त्याच्याकडे पाहिले. शाबासकी दिली नाही, आग्रह केला नाही. “दहा दिवस जमत नसतील तर एकच दिवस धर,” त्या म्हणाल्या. “पण धरलेला सोडू नको.”

सूर्य टेकायला अजून थोडा अवधी होता. घरी पोहोचताच सूनबाईंनी मुलाचे आणि नवऱ्याचे पान वाढले. आजी हातपाय धुऊन सामायिकाला बसल्या. नातवाने दप्तराच्या खिशातून कागदात गुंडाळलेला दुसरा पाव काढला, त्यावरचा लाल ठसा पुसला गेला नाही ना हे पाहिले, आणि उद्या शाळेतल्या मित्राला द्यायचा म्हणून परत ठेवून दिला.